उजेडापुरता फोटो

३ मार्च

गॅलरीच्या मॅडमनी सांगितलंय की प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात 'कलावंताची रोजनिशी' म्हणून दोन पानं घालायची आहेत, तेव्हा आजपासून लिहायला लागा, मोकळेपणाने लिहा आणि शक्यतो थोडं गूढ लिहा. मोकळं आणि गूढ एकाच वेळी कसं लिहितात ते मी विचारलं नाही. चाळिशी उलटल्यावर पहिलं एकट्याचं प्रदर्शन मिळत असताना माणसाने फार प्रश्न विचारू नयेत.

तर सुरुवात. मी अतिवास्तववादी व्यक्तिचित्रणात्मक छायाचित्रकार आहे. (हे वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. आतून बायको म्हणाली, "कुणाशी भांडतोयस?")

माझी शैली अशी, की मी माणसांचे फोटो काढतो आणि त्यांचे चेहरे झाकतो. चेहऱ्याच्या जागी चाळणी असते, किंवा उघडी छत्री, टेबलाचा खण, एकदा कोबी होता. संगणकावर काही करत नाही. सगळं खरंखुरं असतं. दोरा, तार, चिकटपट्टी आणि जुन्या पायजम्यातून ओढून काढलेलं इलॅस्टिक. चेहरा हा माणसाचा सर्वांत ढोबळ भाग आहे असं माझं मत आहे. हे मत मी इतक्या ठिकाणी मांडलंय की हल्ली ते मलाही पटायला लागलंय.

प्रदर्शनाचं नाव ठरलं, 'चेहऱ्यापलीकडे'. बायकोने विचारलं, पलीकडे काय आहे? मी म्हटलं, तेच तर. ती म्हणाली, भिंत असेल.

५ मार्च

आज आईला बसवलं. गॅरेज हा माझा स्टुडिओ. गाडी बाहेर उभी असते आणि तिच्यावर पक्षी आपापली कला दाखवतात.

आई माझी मुख्य मॉडेल, कारण ती फुकट बसते आणि हलत नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका खुर्चीवर झालेली. "लोकांनी जन्मभर माझा नुसता आवाज ऐकला, तोंड कुणी बघितलं नाही. तू तेच पुढे चालव," असं म्हणते. मी याला पाठिंबा समजतो.

कामाची पद्धत माहितीपत्रकासाठी लिहून ठेवतो. आधी नुसत्या माणसाचे दोनचार फोटो घ्यायचे, उजेड कुठून कसा पडतोय ते बघायला. यांना मी 'उजेडापुरते' म्हणतो. मग चाळणी चढवायची आणि खरं काम सुरू करायचं. संध्याकाळी उजेडापुरते पुसून टाकायचे. मी कचरा साठवणारा कलावंत नव्हे.

काम संपल्यावर आईने चाळणी काढली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता एक माझा साधा काढ. समोरून. हसरा, दात दिसतील असा."

मी हातातली कामं ठेवून तिला समजावलं. साधा फोटो म्हणजे नुसती नोंद. साधे फोटो काढणारे गल्लोगल्ली बसलेत, तुला मुलगा मिळालाय त्याचा उपयोग कर. बराच वेळ बोललो. चांगलं बोललो. आई ऐकून घेऊन म्हणाली, "बरं."

आईच्या 'बरं'चे पुष्कळ प्रकार आहेत. हा 'जाऊ दे'वाला होता.

९ मार्च

डाव्या गालावर उजेड फार गोल पडतोय. दिवा सरकवून बघितला, खाली घेतला, वर घेतला, तरी तसाच. दिवा जुना झालाय.

गंमत म्हणजे आईला कोन कळायला लागलाय. स्टुलावर बसली की आपोआप उजवा गाल पुढे करते. मी खूश होऊन म्हटलं, "आई, इतक्या वर्षांनी तुला तुझी चांगली बाजू सापडली!"

"हो," ती म्हणाली, "दुसरी बिघडायच्या आत."

मी पोट धरून हसलो. वाक्य लिहून ठेवलंय. माहितीपत्रकात चांगलं दिसेल.

१० मार्च

नवा दिवा आणला. गाल तसाच गोल. म्हणजे आईच अंगाने भरलीय. पण एकदा त्या कडेवर उजेड असा काही पडला की मी ओरडलो, "आई, काय आकार आहे! अशीच थांब!" ती थांबली. मग शाल ओढून घेतली आणि म्हणाली, गारवा वाटतोय. मला तर घाम फुटला होता. वयाने थंडी वाजते म्हणतात.

जेवताना ती फार सावकाश चावते, एकाच बाजूने. मी बायकोला म्हटलं, आईकडून शिक, घास असा चवीने खावा. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी प्यायलो.

१२ मार्च

आईला अचानक माझ्या कामाच्या तांत्रिक बाजूत रस वाटू लागलाय. दुपारी गॅरेजच्या दारात उभी राहून विचारते, "आधी नुसते काढतोस ते फोटो कुठे असतात?"

"पुसतो."

"सगळे?"

"सगळे."

"गेल्या वर्षीचे? छत्री होती तेव्हाचे?"

"आई, ते कच्चं काम असतं. शिंपी कापडाचे तुकडे जपून ठेवतो का?"

"काही शिंपी ठेवतात," ती म्हणाली आणि गेली. मागे स्वयंपाकघरात बायकोने पातेलं जरा जोरातच ठेवलं. या घरात मला निर्मितीसाठी लागणारी शांतता मिळत नाही.

१४ मार्च

ताईचा फोन. ताई माझी मोठी बहीण, दूर राहते आणि तिथून आम्हाला शिस्त लावते. या आठवड्यात तिचे फोन फार. आज म्हणते, "तुझ्याकडे आईचे फोटो असतीलच, अलीकडचे. सगळेच्या सगळे पाठव."

मला भरून आलं. ताईने माझ्या कामाबद्दल आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ. तिच्याकडे तर आईचा एकही नीट फोटो नाही, कारण व्हिडिओ कॉलवर आई फोन असा धरते की तिचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. आणि आमच्या घरात फोनवर फोटो काढायला बंदी आहे. ती मीच घातलीय. ज्या घरात फोटोग्राफर राहतो त्या घरात फोनने माणसांची तोंडं टिपायची नाहीत, हा आचाऱ्याने स्वतःच्या घरी पाकिटातलं सूप पिण्यासारखा प्रकार आहे, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. आणि नवल म्हणजे सगळ्यांनी ऐकलंय. माझं एरवी कुणी ऐकत नाही.

ताईला सगळी मालिका पाठवली. 'आई आणि चाळणी', 'आई आणि छत्री', 'आईचा खण', आणि माझं सर्वांत गाजलेलं, 'आईच्या जागी आरसा'. खाली प्रत्येकाची भूमिकाही लिहिली.

उत्तर आलं, "अरे गाढवा."

ताईला समकालीन कला पोचायला वेळ लागतो.

१६ मार्च

आईने आज चाळणीवाल्या फोटोची प्रत मागितली. मी मोठी प्रत काढून, खाली सही करून दिली. तिने ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि बायकोबरोबर बाहेर पडली. दोघी दिवसभर नव्हत्या. कुठल्या मैत्रिणीला दाखवायला नेला असेल. मी एकटाच घरी बसून, आईला माझा अभिमान वाटतो यावर दोन पानं लिहिली आणि मग फाडली, कारण त्यात गूढ काहीच नव्हतं.

१७ मार्च

बायको कांदा चिरत होती. मी सहज विचारलं, "काल आईने माझा फोटो कुणाला दाखवला?"

"डॉक्टरांना."

"त्यांना कलेत रस आहे?"

सुरी थांबली. "त्यांना आईंच्या तोंडात रस आहे. अरे, डाव्या गालात गाठ आहे त्यांच्या. जिवाला धोका नाही, पण वाढत ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आलीय. पंचवीसला ऑपरेशन आहे. गाठ काढल्यावर गाल आणि तो कोपरा पुन्हा बसवायचाय. म्हणून सर्जननी सूज येण्याआधीचा हसरा फोटो मागितला होता. नाहीतर म्हणाले, मी माझ्या अंदाजाने बसवीन, नीटच बसवीन, पण ते यांचं हसू असेल की नाही सांगता येत नाही. तर आईंनी पिशवीतून चाळणी काढली."

"मग डॉक्टर काय म्हणाले?" मी असं विचारलं. हाच प्रश्न विचारला. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं तर हे पान उघडता येईल.

"ते हसले. आईही हसल्या. मला नाही हसू आलं."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुझं प्रदर्शन होऊ दे म्हणाल्या. शपथ घातली मला."

कांदा ती चिरत होती आणि डोळे माझे चुरचुरत होते.

१८ मार्च

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी जाऊन समोर बसलो. म्हटलं, "आई, तू मला सांगायचंस."

"सांगणार होते रे. तू नवा दिवा आणलास त्याच दिवशी सांगणार होते. तर तू दिवा हलवत म्हणालास, काय आकार आहे, अशीच थांब! म्हटलं, याला सांगितलं तर हा गाठीलाच प्रदर्शनात बसवेल."

"मी असं कधीच केलं नसतं."

"बरं," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर केलं असतं. नावही सुचलं असतं.

मग मी तिला नीट बघितलं. दिव्याशिवाय, चाळणीशिवाय, समोर बसून. गाल सुजलेला होता. दारात येणाऱ्या पोस्टमनलाही कळलं असतं इतका सुजलेला. आणि मी नवा दिवा आणला होता.

"तू काळजी करू नकोस," आई म्हणाली. "मला काही सुंदर दिसायचं नाहीये. या वयात कोण बघतंय. पण सकाळी तोंड धुताना आरशात ओळखीचं कुणीतरी असावं, एवढंच."

मी हातात आलेल्या टॉवेलाची घडी घातली. तिने ती उलगडून पुन्हा घातली.

१९ मार्च

दिवसभर शोधतोय. संगणकात आईचे फोटो शेकड्यांनी आहेत आणि आई एकातही नाही. मान आहे. हात आहेत. एकात कान आहे, पण त्यावर कपड्याचा चिमटा. जुने अल्बम काढले. तिथे आई विशीतली आहे आणि ओठ मिटून बसलीय, फोटोत दात दाखवायचे नसत म्हणे. कार्यालयातल्या ओळखपत्रावर तर ती तुरुंगातून सुटल्यासारखी दिसते.

पुसलेले फोटो परत मिळतात असं ऐकून सगळी कार्डं घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने बराच वेळ खटपट केली. म्हणाला, "साहेब, पुसलेल्या जागेवर तुम्ही पुढचे फोटो बसवलेत. छत्र्या हव्या असतील तर हव्या तितक्या निघतील."

सर्जनना फोन केला. मुलगा बोलतोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "ते चाळणीवाले?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्यांनी सांगितलं, असेल ते सगळं घेऊन उद्या या, हनुवटी, जबडा, काहीही दिसत असेल तरी चालेल. आणि जाता जाता म्हणाले, अगदी या महिन्याच्या सुरुवातीचा असता तरी काम झालं असतं, तेव्हा सूज ओठापर्यंत आली नव्हती.

महिन्याच्या सुरुवातीला ती समोर बसून 'हसरा, दात दिसतील असा' म्हणत होती आणि मी भाषण देत होतो. त्या दिवसाचे उजेडापुरतेही मी संध्याकाळी नेमाने पुसले. कामाच्या बाबतीत मी कधी आळस केला नाही.

२० मार्च

'आईच्या जागी आरसा' मध्ये आरशाखाली हनुवटीची रेघ दिसते हे आठवलं. तो फोटो गॅलरीत टांगून झाला होता, ऐन समोरच्या भिंतीवर, परवाच्या उद्घाटनासाठी. मी गेलो, स्टूल घेतलं, फोटो उतरवला. मॅडम म्हणाल्या, "हे काय चाललंय? आमंत्रणावर हाच छापलाय!" मी म्हटलं, हनुवटी हवीय. त्यांनी ते बहुधा गूढ समजून सोडून दिलं.

सर्जनच्या खोलीत आई, मी, बायको आणि टेबलभर माझी कला. सर्जन एकेक फोटो उचलून बघत होते. कोबीपाशी थबकले, मान हलवली, बाजूला ठेवला. पहिल्यांदाच माझं काम कुणीतरी निव्वळ कामासाठी बघत होतं आणि एकही फोटो कामाचा निघत नव्हता. परीक्षक म्हणून हा माणूस सर्वांत कडक.

मग त्यांनी आरसावाला उचलला. त्याची हकीकत अशी, की आरसा आईच्या तोंडावर इलॅस्टिकने बांधलेला, जरासा वर कललेला. कॅमेरा तिकाटण्यावर खाली, आणि मी मागे उभा, हातात बटण. त्यामुळे आईच्या चेहऱ्याच्या जागी आरशात मी आलोय. मला तसं यायचंच होतं, पण गंभीर. ऐन वेळी आई आरशामागून म्हणाली, "मला इथून काही दिसत नाही, पण तू पोट आत घेतलंयस हे कळतंय." आणि मी हसलो. माझं हसू वाकडं आहे. एक कोपरा आधी वर पळतो आणि दुसरा त्याच्यामागून जातो. शाळेत यावरून मला फार चिडवायचे, म्हणून मी स्वतःचा फोटो कधी काढू देत नाही. तो फोटो मी पुसणारच होतो. मॅडमनी हट्टाने ठेवायला लावला.

सर्जननी फोटो आईच्या तोंडाशेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"हे कोण हसतंय?"

"मी," मी म्हटलं. "म्हणजे आरशात. ते जरा वाकडं आलंय, त्याकडे लक्ष नका देऊ."

"आजी," ते आईला म्हणाले, "तुमचं हसू असंच होतं का?"

आईने चष्मा लावून माझ्याकडे असं बघितलं जसं ती भाजी निवडताना बघते. "असंच म्हणजे काय, माझंच आहे ते. मीच दिलंय त्याला. आता जरा उसनं परत द्या म्हणावं."

बायको म्हणाली, "हो, अगदी. आईंचाही डावा कोपरा आधी जातो." म्हणजे तिला माहीत होतं. रोज समोर बसणाऱ्या दोन माणसांचं हसू एकच आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चेहऱ्यांचा धंदा करणारा एकटा मी सोडून.

सर्जन म्हणाले, आरशात उलटं आणि लहान दिसतं, तेव्हा याचा उपयोग नाही. तुम्ही स्वतः उद्या या. समोरून, दोन्ही बाजूंनी, तोंड मिटून, हसून, दात दाखवून, सगळे फोटो लागतील. मी म्हटलं, माझे? ते म्हणाले, मग काय कोबीचे?

२१ मार्च

हॉस्पिटलच्या तळघरात फोटोची खोली आहे. निळी भिंत, एक स्टूल आणि कॅमेरा धरलेला एक कंटाळलेला माणूस, जो दिवसभर लोकांच्या जखमांचे फोटो काढतो. मी आत गेल्या गेल्या सांगितलं की दिवा जरा उजवीकडे घेतला तर बरं. तो म्हणाला, "बसा."

बसलो. तो म्हणाला, "तोंडावरचा हात काढा." मी हात ठेवलाय हे मला माहीत नव्हतं.

"मान सरळ. हसा."

मला हसता येईना. आजवर किती माणसांना मी अशा स्टुलावर बसवलं आणि एकालाही कधी हसा म्हटलं नाही, त्यामुळे हसा म्हटल्यावर माणूस काय करतो याचा मला अनुभव नव्हता. दात दाखवले. तो म्हणाला, "हे दुखल्यासारखं दिसतंय." पुन्हा दाखवले. तो म्हणाला, "आता मला दुखायला लागलं." बाहेर लोक खोळंबलेले. सगळं आयुष्य या वाकड्या हसण्यापासून लपण्यात गेलं आणि ज्या दिवशी ते हवंय त्या दिवशी ते येत नाही. आईच्या तोंडाचा प्रश्न होता आणि मी तिथे खांबासारखा बसलो होतो. रडू यायच्या बेतात होतं, खोटं कशाला लिहू.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. गालावर रुमाल धरलेला. ती शांतपणे म्हणाली, "पोट आत घेतलंय त्याने. ते सोडलं की हसेल."

आणि गेला डावा कोपरा वर.

फोटोवाल्याने खटाखट काढले. "हां," म्हणाला, "हे बरंय. जरा वाकडं आहे, पण बरंय." माझ्या हयातीत माझ्या चेहऱ्यावर आलेलं हे पहिलं परीक्षण.

२२ मार्च

उद्घाटन झालं. आई म्हणाली जा, म्हणून गेलो आणि लवकर परत आलो. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता. खाली चिठ्ठी तशीच राहिली होती, 'आईच्या जागी आरसा'. लोक तिथेच सर्वांत जास्त वेळ उभे होते. एक गृहस्थ डोळे पुसत होते. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "तो फोटो परत आणू नका."

२५ मार्च

ऑपरेशन झालं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो होतो. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, नीट झालंय. भिंतीवर तुमचा फोटो लावूनच काम केलं. मी आयुष्यभर ज्या भिंतींची स्वप्नं बघितली त्यात ही नव्हती.

२८ मार्च

आईचं सगळं तोंड पट्ट्यांमध्ये. फक्त डोळे दिसतात. पाटीवर लिहून बोलते. मी आत गेलो तर तिने लिहिलं, 'आता तुझ्या पसंतीची दिसते ना?'

बाहेर जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मग आत आलो.

१३ एप्रिल

पट्ट्या निघाल्या. डावी बाजू निश्चल आहे. आई बोलते तेव्हा अर्धंच तोंड बोलतं. सर्जन म्हणतात, कोपरा बरोबर जागी आहे, पण नसा आळशी असतात, जाग्या होतील तेव्हा होतील. काहींच्या होत नाहीत. आई घरी आल्यावर न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बायको दाराशी उभी राहिली, मी बायकोच्या मागे. आली तेव्हा म्हणाली, "आहे कुणीतरी. ओळख अजून व्हायचीय."

मॅडमचा फोन आला, पुढची मालिका काय, रोजनिशीचं काय झालं. पुढच्या मालिकेचं माहीत नाही म्हटलं. आणि रोजनिशी देणार नाही. गूढ काही उरलं नाही त्यात.

१८ मे

आज आई आपणहून गॅरेजमध्ये आली आणि स्टुलावर बसली. व्रण गुलाबी रेघेएवढा राहिलाय.

"आण तुझी चाळणी," ती म्हणाली.

"ती स्वयंपाकघरात परत गेली. आज साधा काढतो. समोरून. तूच मागितला होतास."

"तेव्हा मागितला होता. धडधाकट तोंड होतं तेव्हा झाकलंस, आता झाकण्यासारखं झालंय तर म्हणतो साधा. छत्री तरी आण."

मी दिवा सरकवला. परत होता तिथे आणला. तिकाटणं उंच केलं, खाली केलं. चेहऱ्यावर काही चढवायचं नसलं तर फोटोग्राफरने हातांचं काय करायचं असतं ते मला येत नव्हतं. आई बघत होती. म्हटलं, एक उजेड तरी बघून घ्यावा. बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने श्वास आत ओढून उभा राहिलो.

"सोड ते पोट," ती म्हणाली, "कुणी बघत नाहीये."

मी हसलो. आणि माझं बघून ती. आधी तिचा उजवा कोपरा गेला. मग, सगळ्यांच्या मागून जिना चढत आल्यासारखा, डावा. पूर्वीसारखा पहिला नव्हता, पण गेला. वर गेला, वाकडा, माझ्यासारखा. बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं.

"आला का?"

"हा नुसता उजेड बघायला. आता खरे काढतो."

"बरं," म्हणून तिने केस नीट केले, शाल सारखी केली, ओठ घट्ट मिटले आणि मान सरळ करून बसली. मी बरेच काढले. सगळे चांगले आले.

संध्याकाळी ते पुसले. उजेडापुरता ठेवलाय.